कोंबडीची पिशवी तुंबलीय? आधी एवढंच करा

घाबरू नका, पण तेलाची बाटली उचलायच्या आधी सकाळी, दाणा टाकण्यापूर्वी, गळ्याखालची पिशवी चाचपा. रात्रीत ती रिकामी व्हायला हवी. संध्याकाळी फुगलेली दिसली म्हणून उपचार सुरू करणं ही नवख्यांची नेहमीची चूक. ती तर पोट भरल्याची खूण.

सकाळीही गोळा घट्ट लागला तर तुंबलीय. पाण्याच्या फुग्यासारखी लिबलिबीत आणि चोचीला आंबट वास असेल, तर प्रकरण वेगळं. तिथे तेल-मालिश नको, डॉक्टरच गाठा.

घट्ट गोळ्यासाठी:
- वेगळी ठेवा, खाली पेंढा नको. दाणा बंद, पाणी समोर.
- कोमट खोबरेल २-३ मिली, ड्रॉपरने चोचीच्या कडेला थेंब थेंब. श्वासनळीचं तोंड जिभेच्या मागेच असतं. घाईत ओतलंत तर तेल फुफ्फुसात जातं.
- पाच मिनिटं हलक्या बोटांनी गोळा मोकळा करा, दिवसातून तीन-चारदा.

उलटी धरून ओकवायला सांगणारे भेटतील. अजिबात ऐकू नका, गुदमरून मरते.

२४ तासांत फरक नसेल तर पशुवैद्यकीय दवाखाना. सुटली तर दोन दिवस थोडाथोडा मऊ भात.

परसात काथ्या, सुतळी, जाळ्याचे नायलॉन धागे पडू देऊ नका. पावसाळ्यात वाढलेलं चिवट गवत कापलंत तर उचलून टाका. आणि पोटात दाणा दळला जावा म्हणून बारीक खडी वेगळ्या भांड्यात ठेवा. शिंपल्यांचा चुरा पोटात विरघळतो, दळायच्या कामाचा नाही.