पाचशे अकराची रेष रुंद का येते

अंबाजोगाई

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा लाइट गेली होती, आवाजही तुटत होता. पण एक वाक्य नीट ऐकू आलं. "सर, सोडियम-२२ ची ५११ ची रेष फार रुंद येतेय, डिटेक्टर गेलाय बहुतेक." तेवढ्यासाठीच हे पत्र. दुरुस्तीचा अर्ज दिला नसशील तर थांब जरा.

गॅमा किरणांच्या ऊर्जेच्या त्याच आलेखात १२७५ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टची रेष बघ. तीही त्याच किरणोत्सारी स्रोताची, सोडियम-२२ ची. पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा धन प्रभाराचा जुळा, बाहेर पडल्यावर मागे उरलेलं निऑनचं अणुकेंद्र ती सोडतं. जर्मेनियम डिटेक्टरमध्ये ऊर्जा वाढली की रेष थोडी रुंद होत जाते, म्हणजे खरं तर १२७५ ची रेष जास्त रुंद असायला हवी. तुला उलटं दिसेल. डिटेक्टर बिघडला असता तर दोन्ही रेषा बिघडल्या असत्या.

हीच चूक मी केलीय. एम.एस्सी. झाल्यावर उन्हाळ्यात एका मोठ्या प्रयोगशाळेत काम शिकायला गेलो होतो. दोन दिवस केबल, अ‍ॅम्प्लिफायर, द्रव नायट्रोजनची टाकी तपासत बसलो आणि शेवटी वहीत 'यंत्रातील दोष' असं लिहून पान उलटलं. अ‍ॅल्युमिनियममधले इलेक्ट्रॉन किती वेगानं धावतात, ते त्या पानावर उमटलं होतं. मला वाचता आलं नाही. त्याची हळहळ अजून जात नाही, म्हणून तुला एवढं खोलात सांगतोय.

आपण वर्गात शिकवतो की पॉझिट्रॉन आणि इलेक्ट्रॉन भेटतात, दोघं नाहीसे होतात आणि ५११ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टचे दोन गॅमा फोटॉन पाठीला पाठ लावून निघतात. एकच फोटॉन का नाही, हे तुला ठाऊक आहे. जोडीचा एकूण संवेग शून्य असेल तर एकट्या फोटॉनला तो शून्य ठेवता येत नाही. हे सगळं बरोबरच आहे, पण दोघंही स्तब्ध उभे होते असं त्यात धरलेलं असतं. पॉझिट्रॉन जवळजवळ स्तब्ध असतोही. घन पदार्थात शिरला की काही पिकोसेकंदांत (एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख-कोटीवा भाग) त्याची सगळी धाव संपते. इलेक्ट्रॉन मात्र अणूत बांधलेला असला तरी स्थिर कधीच नसतो.

आता कागद घे आणि हाताने कर, सॉफ्टवेअर उघडू नकोस. इलेक्ट्रॉनची गतिज ऊर्जा १० इलेक्ट्रॉन-व्होल्ट धर. त्याचा संवेग गुणिले प्रकाशाचा वेग सुमारे ३.२ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट येतो. तो संवेग फोटॉनच्याच दिशेत असेल तर त्याच्या निम्म्याने, म्हणजे १.६ ने, एका फोटॉनची ऊर्जा वाढते आणि दुसऱ्याची तेवढीच घटते. आडवा असेल तर दोन फोटॉनमधला कोन १८० अंशांपासून साधारण एक तृतीयांश अंशाने ढळतो. लाखो इलेक्ट्रॉन, प्रत्येकाची दिशा वेगळी. तुझी रेष रुंद होते ती अशी. पॉझिट्रॉन वापरून शरीराच्या आतलं चित्र काढणाऱ्या पेट स्कॅनमध्येही हाच ढळलेला कोन नडतो. शरीरातल्या पाण्यात तो साधारण अर्ध्या अंशाचा असतो आणि डिटेक्टरांच्या ८० सेंटीमीटर व्यासाच्या कड्यात त्याने चित्र पावणेदोन मिलिमीटरने पुसट होतं.

मग कोणता इलेक्ट्रॉन? तुझ्या आजोळचा माळवदाचा वाडा डोळ्यांपुढे आण. ढेलज, ओसरी, आत माजघर, त्याच्याही आत देवघर. देवघरात अणुकेंद्र बसलंय, धन प्रभाराचं, आणि पॉझिट्रॉनही धनच. त्यामुळे त्याला आतून सतत धक्का बसतो. तो ओसरीवरच रेंगाळतो आणि बहुतेक वेळा बाहेरच्या कवचातल्या इलेक्ट्रॉनबरोबरच संपतो. क्वचित माजघरापर्यंत, म्हणजे आतल्या कवचापर्यंत पोचतो. तिथले इलेक्ट्रॉन फार वेगवान, म्हणून अशा भेटींच्या खुणा रेषेच्या अगदी कडांना, दोन्ही बाजूंच्या उतारावर सापडतात. त्या कडा प्रत्येक मूलद्रव्याच्या वेगळ्या असतात. शिवाय आतलं कवच रिकामं झालं की वरचा इलेक्ट्रॉन खाली येतो आणि सुटलेल्या ऊर्जेवर आणखी एक इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो. मला स्वतःला यातला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो.

धातूत एखादा अणू जागेवर नसेल तर ती पोकळी पॉझिट्रॉनला भिंतीतल्या देवळीसारखी मिळते. धक्का देणारं केंद्र तिथे नाही, म्हणून तो तिथेच अडकतो. पण तिथे इलेक्ट्रॉनही विरळ, त्यामुळे जास्त जगतो. निर्दोष अ‍ॅल्युमिनियममध्ये सुमारे १६० पिकोसेकंद, पोकळीत २४० च्या आसपास. माजघरातल्या इलेक्ट्रॉनशी गाठ कमी पडते म्हणून रेष अरुंदही होते. हे आयुष्य मोजायला घड्याळ सोडियमनेच दिलंय. १२७५ चा फोटॉन आला की सुरू करायचं, ५११ चा आला की थांबवायचं.

तेव्हा आता असं कर. अ‍ॅल्युमिनियमची एक पट्टी भट्टीत तापवून सावकाश थंड होऊ दे आणि दुसरी हातोडीने ठोकून घे. स्रोत तोच, डिटेक्टर तोच, मोजायचा वेळही तोच ठेव. दोन्ही आलेख एकावर एक ठेवून मधलं शिखर आणि कडा वेगवेगळ्या मोज. कडांवर मोजणी फार थोडी असते, रात्रभर चालू ठेवावं लागेल. घाई करून मधेच बंद करू नकोस. आणि तुझ्या सरांना आधी विचारून घे, स्रोत हाताळताना एकटी राहू नकोस.

दिवाळीला येशील तेव्हा वही घेऊन ये. १२७५ च्या रेषेची रुंदी पहिल्याच पानावर लिहिलेली असू दे, तिथूनच सुरुवात करू.

तुझा,
सर