मध जाणणारं की मध खाणारं?

प्रश्न : रशियन शिकायला नुकतीच सुरुवात केली आहे. अस्वलाला तिथे 'मेद्वेद' म्हणतात. 'मधु' आणि 'वेद' मिळून हा शब्द झाला, म्हणजे 'मध जाणणारा', असा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. खरं काय? आणि शिक्षक माझा उच्चार सारखा का सुधारतात?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : मध बरोबर, वेद चूक. शब्द 'मेद्-वेद' असा तोडायचा नाही. जुन्या स्लाविकमध्ये, म्हणजे रशियन, युक्रेनियन, पोलिश यांच्या पूर्वज भाषेत, मधाच्या शब्दाचं मूळ रूप उकारान्त, 'मेदु'. त्याला 'एद्', म्हणजे खाणे, हा धातू जोडला. पुढे स्वर आला की उ चा व होतो, म्हणून मेदु + एद् = मेद्वेद्. शाळेत यण् संधी शिकलेल्याला हे वेगळं सांगायला नको; मधु + अद् = मध्वद, तेच गणित. ऋग्वेदात (१.१६४.२२) झाडावरच्या पक्ष्यांना 'मध्वदः' म्हटलंय, मध खाणारे. आपलं 'अन्न'ही त्याच अद् धातूचं.

वेदाचा मोह पडतो, कारण 'जाणणे' या अर्थाचा 'वेद्' धातू स्लाविकमध्येही आहे. पण दोन नामं जोडताना रशियन सहसा मधे 'ओ' घालते. तसा समास असता तर 'मेदोवेद' व्हायला हवा होता. युक्रेनियनमध्ये अक्षरांची अदलाबदल होऊन 'वेद्मिद' झालं, पोलिशमध्ये म चा न होऊन 'न्येज्व्येच'. युक्रेनियन रूप पाहून तर 'जाणणारा' हा अर्थ आणखीच खरा वाटतो, तरी तो नंतर चिकटलेला.

मग अस्वलाचं खरं नाव कुठे गेलं? संस्कृत 'ऋक्ष', ग्रीक 'आर्क्तोस', लॅटिन 'उर्सुस' ही एकाच जुन्या शब्दाची रूपं. स्लाविकमध्ये तो उरलाच नाही. उत्तरेच्या जंगलातले शिकारी त्याचं नाव घ्यायला भीत असावेत, नाव घेतलं की जनावर पुढ्यात हजर, असं अभ्यासक मानतात. आपण तरी काय करतो? रात्री सापाला 'लांबडं' म्हणतो आणि मंगळसूत्र तुटलं की 'वाढवलं' म्हणतो.

विदर्भात हे नाव जास्तच शोभतं. इकडच्या जंगलातलं अस्वल मधाच्या पोळ्यांइतकंच मोहफुलांवर तुटून पडतं, आणि 'मोह' हा झाडाचा शब्द संस्कृत 'मधूक'वरून आलाय. म्हणजे मधु इथेही आहेच.

आता उच्चार. जोर दुसऱ्या अक्षरावर. पहिलं अक्षर बिनजोर असल्यामुळे त्यातला 'ए' जवळजवळ 'इ' होतो. शेवटचा द शब्दान्ती असल्याने त-सारखा आणि तोही मऊ, जीभ टाळूकडे उचलून. त्यामुळे कानाला 'मिद्व्येत्य' ऐकू येतं. तुम्ही लिहिल्याप्रमाणे 'मेद्वेद' म्हणत असाल, तर चुका दोन : स्वर दोन्ही सारखे आणि शेवट टणक. लिहिताना शेवटचं मऊपणाचं चिन्ह गाळू नका. विभक्ती लागली की द परत येतो, 'मिद्व्येद्या'. मोजतानाही जपा : दोन, तीन, चार अस्वलांना षष्ठीचं एकवचन, 'द्वा मिद्व्येद्या', पाचापासून अनेकवचनी षष्ठी, 'प्यात्य मिद्व्येद्येय'. नवशिका इथे हमखास साधं अनेकवचन 'मिद्व्येदि' ठोकून देतो.

वापराचं म्हणाल, तर 'मेदवेदेव' हे आडनाव याच शब्दाला 'चा' लावून झालं, आणि 'अस्वलाची सेवा' म्हणजे मदत करायला जाऊन केलेली नासाडी. राजाच्या अंगावरची माशी मारायला तलवार उपसणाऱ्या आपल्या माकडाचाच हा भाऊबंद. तो वाक्प्रचार कुणाचे आभार मानताना वापरू नका. नवखे लोक 'मोठी मदत' असा अर्थ लावतात आणि समोरचा दुखावतो.