पाण्यातल्या पालकाची नवी पानं पिवळी पडताहेत, खत वाढवू का?

खत वाढवू नका. आज तर अजिबात नको.

तुम्ही लिहिलंय की इंदूरला गच्चीवर २० लिटरच्या बादल्यांत, मातीशिवाय नुसत्या खताच्या पाण्यावर, पालक आणि लेट्यूस लावलाय, तीन आठवड्यांनी नवी पानं पिवळी पडायला लागली, शिरा मात्र हिरव्या आहेत. खत वाढवायचं का, आणि मोटारवाला पाइपचा सेट (ज्यात मोटार खताचं पाणी पाइपांतून फिरवते) घेतला तर फरक पडेल का, हे विचारलंय. बादलीचं माप दिलंत, पाणी कुठलं ते मात्र लिहिलंच नाहीत. सगळं तिथेच अडलंय, म्हणून उत्तर लिहायला बसले.

कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या, हे लोह कमी पडल्याचं लक्षण. लोह झाडात एकदा जिथे गेलं तिथून फारसं हलत नाही, म्हणून टंचाई आधी नव्या पानावर दिसते. मॅग्नेशियम कमी असतं तर असाच पिवळेपणा खालच्या जुन्या पानांवर आला असता. नत्र कमी असतं तर जुनं पान शिरांसकट फिकं झालं असतं. आणि लोह बादलीत नसतं असं नाही, बहुतेक वेळा असतंच. पाण्याचा पीएच (आम्लपणाचं माप, जितका कमी तितकं पाणी आंबट) साडेसहाच्या वर गेला की साधं ईडीटीए लोह, म्हणजे ईडीटीए या रसायनाने विरघळलेलं धरून ठेवलेलं लोह, टिकत नाही, सुटं होऊन गंजासारखं खाली बसतं आणि मुळांच्या उपयोगाचं राहत नाही.

माझ्याकडच्या एका बादलीची नोंद देते, कारण तुमचं वर्णन तिच्याशी जसंच्या तसं जुळतंय. नोव्हेंबर महिना, पालक, २० लिटरच्या बादलीत चार रोपं, पंप नाही. पाणी नर्मदेच्या नळाचं: टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) २४०, पीएच ८. खताच्या सेटबरोबर आलेल्या तक्त्याप्रमाणे ए आणि बी असं दोन भागांतलं खत टाकल्यावर पीएच ७.२ वर आला. बाराव्या दिवशी ७.६, एकोणिसाव्या दिवशी ७.९, आणि नवी पानं पिवळी. शेजारच्या काकांचं म्हणणं, खत कमी पडतंय, दुप्पट कर. दुप्पट केलं. टीडीएस १,६०० च्या वर गेला आणि चौथ्या दिवशी पानांच्या कडा करपल्या. बादली तिरपी केली तर तळाला पांढरट साका बसलेला. चिमटीत घेऊन चोळला, खडूच्या भुकटीसारखा. तो कॅल्शियम फॉस्फेटचा होता, म्हणजे विकत आणलेलं खतच. चढ्या पीएचला कॅल्शियम आणि फॉस्फरस एकमेकांना धरून खाली बसतात. जितकं जास्त टाकाल तितकं जास्त बसतं, आणि जे विरघळलेलं राहतं ते मुळांना खारट पडतं.

पीएच चढतो कशाने? नळाच्या पाण्यात बायकार्बोनेट असतात, ते कमी केल्याशिवाय पीएच खाली थांबत नाही. शिवाय रोप नायट्रेट ओढून घेतं तेव्हा मुळातून बदल्यात बायकार्बोनेट सोडतं. म्हणून वाढ चांगली असेल तर पीएच रोज थोडा वर सरकणारच.

काकांचं दुसरं म्हणणं असं की नर्मदेचं पाणी आपण पितो, मग झाडाला वाईट कसं असेल. इंदूरचा माणूस नर्मदेविरुद्ध एक शब्द ऐकून घेत नाही आणि ते बरोबरच आहे. १९७८ मध्ये नर्मदाकाठच्या जलूदहून पाणी वर चढवून आणलं, त्यावर हे शहर वाढलंय. पण प्यायला चांगलं आणि पाण्यातल्या मुळांना चांगलं, हे दोन वेगळे हिशेब आहेत. मातीत माती बराच पीएच सांभाळून घेते, बादलीत सांभाळणारं कोणी नसतं. त्यातून बऱ्याच घरी नर्मदा एक दिवसाआड, मधल्या दिवशी बोरिंग, आणि दोन्ही एकाच हौदात. बोरिंगचा टीडीएस माझ्याकडे ८६० निघाला. म्हणजे सोमवारची बादली आणि मंगळवारची बादली यांचं पाणीच वेगळं. तेव्हा दोन्ही पाणी नळावर वेगवेगळं मोजा, हौदातून नको. बोरिंग ५०० च्या वर असेल तर ते पालेभाजीला वापरूच नका. आरओचं शुद्ध पाणी आणि नर्मदेचं पाणी निम्मं-निम्मं घ्या. आरओतून बाहेर टाकलं जाणारं पाणी तर मुळीच नको, क्षार तिथेच गोळा झालेले असतात.

आता करायचं काय. बादलीतलं आत्ताचं पाणी ओतून द्या, कुंड्यांना पाच-सहा पट पातळ करून चालेल. मुळं साध्या पाण्यात एकदा बुडवून काढा, चोळू नका. १० लिटर नर्मदेच्या पाण्यात पीएच ५.८ च्या आसपास येईपर्यंत फॉस्फोरिक ॲसिड घाला. ८५ टक्क्यांचं ॲसिड १० मिली घेऊन ते ९० मिली पाण्यात मिसळायचं आणि हे पातळ केलेलंच वापरायचं. मला १० लिटरला सुमारे १५ मिली लागलं, तुम्ही मात्र ५-५ मिली टाकून, ढवळून, मोजत जा. लिंबूसत्व किंवा व्हिनेगरने पीएच त्याच दिवशी खाली येतो खरा, पण जिवाणू ते खाऊन टाकतात आणि दोन-तीन दिवसांत पीएच पुन्हा वर. मुळांच्या वाटचा ऑक्सिजनही ते वापरतात. तो नाद सोडा.

मग खत. एकोणीस-एकोणीस-एकोणीस (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत) वापरत असाल तर थांबवा. त्यातलं निम्म्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतं. शेतात जिवाणू त्याचं रूपांतर करतात, बादलीत ते नीट होत नाही. आणि युरिया टीडीएस मीटरवर दिसतही नाही, त्यामुळे आकडा फसवतो. कृषी केंद्रातून कॅल्शियम नायट्रेट, १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट) आणि मॅग्नेशियम सल्फेट घ्या. १० लिटरला अनुक्रमे ६, ४ आणि ४ ग्रॅम. लेट्यूसला याच्या पाऊण, रोपं लहान असताना निम्मं. ०:५२:३४ (फॉस्फरस आणि पोटॅशियमचं खत) लागत नाही, फॉस्फरस ॲसिडमधूनच येतो. आरओ मिसळून ॲसिड कमी लागलं तर मात्र ते १ ग्रॅम घाला. लोहाचं १२ टक्क्यांचं ईडीटीए २ ग्रॅम १०० मिली पाण्यात विरघळवून काळ्या बाटलीत ठेवा, उजेडाने ते बिघडतं. त्यातलं १० मिली दर १० लिटरला. चिलेटेड मायक्रोन्यूट्रिएंट (सूक्ष्म अन्नद्रव्यांची पूड) तसंच करून ५ मिली. कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या भांड्यात विरघळवून सगळ्यात शेवटी ओतायचं. सुक्या पुड्या एकत्र करून ठेवू नका आणि घट्ट द्रावणं एकमेकांत मिसळू नका, तिथेच साका धरतो.

पीएच पुन्हा मोजा, रोज एकदा. मत्स्यालयाच्या दुकानातले रंगाचे थेंब ६ च्या खाली काही दाखवत नाहीत, पेन मीटर घ्या. सोबतच्या ६.८६ आणि ४ च्या पुड्यांनी महिन्यातून एकदा तरी जुळवून घ्या, आणि टोक सुकू देऊ नका. टीडीएस मीटरचाही घोळ असतो: ईसी (पाण्यातून वीज किती वाहते त्याचं माप, क्षार जास्त तितकी जास्त) १ म्हणजे काही मीटरवर ५००, काहींवर ७००. व्हिडिओतला माणूस ८४० म्हणतो तेव्हा त्याचा मीटर कुठला ते कळत नाही, म्हणून ईसीतच बोला. पालकाला १.८ ते २.२, लेट्यूसला १.२ ते १.६. पिवळी झालेली जुनी पानं हिरवी होतील असं धरू नका. आठवड्याभरात निघणारं नवं पान बघा.

पंप नसलेल्या बादलीत पाणी कमी झालं की काठापर्यंत भरायचं नाही, ही चूक नवशिके हमखास करतात. पातळी उतरते तशी वरची मुळं हवेतली होतात, तीच श्वास घेतात. ती बुडवली की रोप दोन दिवसांत मान टाकतं. निम्म्याच्या वर भरू नका, वरची ४-५ सेंटिमीटर मुळं उघडी राहू द्या.

मोटारवाल्या पाइपबद्दल: आत्ता घेऊ नका. बादलीत पीएच सांभाळता येत नसेल तर पाइपातही येणार नाही. पाइपात पाण्याचा पातळसा ओघळ असतो, एप्रिल-मेच्या उन्हात तो तापतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसात. मुळं कुजायला तेवढं निमित्त पुरतं, आणि भर दुपारी वीज गेली तर मुळं सुकतात. तक्ता छापणाऱ्याने तुमचं पाणी पाहिलेलं नसतं, गच्चीही नाही. ५० टक्क्यांची शेडनेट आणि इन्व्हर्टर असेल तर पुढच्या ऑक्टोबरात विचार करा. तोवर मार्चनंतर लेट्यूस सोडून मायाळू किंवा चवळई लावा. ऊन चढलं की लेट्यूस कडू होतो आणि फुलावर जातो.

आणखी दोन गोष्टी आधीच लिहायला हव्या होत्या. ॲसिड नेहमी पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. हातमोजे आणि चष्मा घाला, बाटली मुलांच्या हाताबाहेर ठेवा. आणि झाकणाची रिकामी भोकं चिकटपट्टीने बंद करा. आत उजेड शिरला की शेवाळ होतं, आणि डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो.