होमस्कूलिंग केलेल्या मुलांना पुढे कॉलेजात प्रवेश मिळतो का? तिथे ती टिकतात का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा ११ वर्षांचा आहे, दोन वर्षं घरी शिकतोय आणि घरचे सगळे रोज विचारतात, "पुढे याला कॉलेज घेणार कोण?" हा प्रश्न मी सहा-सात वर्षं ऐकला आहे. माझी मुलगी चौथीनंतर शाळेत गेली नाही. आज ती एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

प्रवेश मिळतो. मुलगा कुठे बसून शिकला याच्याशी कॉलेजला फारसं देणंघेणं नसतं. त्यांना हवी असते मान्यताप्राप्त मंडळाची दहावी आणि बारावी. ती तुम्ही कशी करणार, हे तो १३ वर्षांचा होईपर्यंत ठरवून टाका. पुष्कळ पालक इथेच चुकतात. "मार्कांच्या शर्यतीतून मुलाला बाहेर काढलं, आता परीक्षा कशाला" असं म्हणत १६ वर्षांपर्यंत थांबतात आणि मग धावपळ होते.

आम्ही एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था (थोडक्यात मुक्त विद्यालय) निवडली. दहावीला बसायला १४ वर्षं पूर्ण लागतात. प्रमाणपत्रासाठी पाच विषय, परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. विषय एकेक करून देता येतात. मुलीने दहावीचे दोन विषय आधी दिले, तीन नंतर. ती तीन तास एका जागी बसून पेपर लिहायला शिकली ते तिथेच. मात्र दहावी आणि पूर्ण बारावी यांत दोन वर्षांचं अंतर लागतं, म्हणून "हुशार आहे, लवकर उरकू" हा हिशेब चालत नाही. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसायचा अर्ज, हाही रस्ता आहे, पण त्याला आधीच्या शाळेचा दाखला लागतो. तुमच्याकडे तो असेल तर जपून ठेवा.

लोक तुम्हाला मालविका जोशीची बातमी पाठवत असतील. मुंबईची ही मुलगी घरी शिकली आणि २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत गेली. बातमी खरी आहे, पण ती पूर्ण वाचा. तिच्याकडे आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मेटिक्स (कॉम्प्युटर प्रोग्रामिंगच्या) ऑलिंपियाडची तीन पदकं होती. आणि बारावीचं प्रमाणपत्र नसल्यामुळे आपल्या आयआयटींचं दार तिला बंद होतं. एमआयटीला शाळेचं प्रमाणपत्र सक्तीचं नाही, आयआयटीला बारावी लागतेच. उलट दिल्लीचा सहल कौशिक पाहा. तोही घरी शिकलेला. २०१० मध्ये वयाच्या १४व्या वर्षी आयआयटीच्या प्रवेशपरीक्षेत देशात ३३वा आला आणि आयआयटी कानपूरला गेला, कारण त्याने बारावी दिली होती. आपल्या मुलाच्या खिशात ऑलिंपियाडचं पदक असेल असं धरून योजना आखू नका. बारावी हातात असू द्या.

आणि ती नुसती पास होण्यापुरती नको. जेईईतून एनआयटी किंवा आयआयटी गाठायची तर बारावीला ७५ टक्के, नाहीतर आपल्या मंडळाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये नाव लागतं. वैद्यकीयचं म्हणाल तर २०१८ मध्ये मुक्त विद्यालयाच्या मुलांना नीटमधून वगळलं होतं. दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ती अट रद्द केली आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही हा प्रश्न मिटला. आता कोणी "ओपन स्कूलवाल्यांना नीट देता येत नाही" असं सांगितलं तर ती जुनी माहिती आहे. मुक्त विद्यालयाचं अभ्यासकेंद्र मात्र महाराष्ट्रातलंच घ्या. राज्याच्या कोट्यातून इंजिनिअरिंग किंवा मेडिकलला जायचं तर दहावी-बारावी साधारणपणे राज्यातूनच झालेली लागते.

प्रवेशाच्या दिवशी खिडकीवर अडवलं जाण्याची तयारी ठेवा. आम्हाला एका कॉलेजात क्लार्कने "शाळा सोडल्याचा दाखला कुठाय?" एवढं एकच तीनदा विचारलं. मुक्त विद्यालय मायग्रेशन-कम-ट्रान्सफर सर्टिफिकेट देतं, तेच दाखल्याच्या जागी चालतं. हे मी शांतपणे प्राचार्यांना दाखवलं तेव्हा काम झालं. मुलगी शेजारी उभी होती. आपण काही चुकीचं केलंय की काय असं तिच्या चेहऱ्यावर होतं, ते मला अजून आठवतं. त्या दिवशी मुलाला एकटं पाठवू नका.

आता टिकण्याचं. विषय समजण्यात ती कधीच मागे पडली नाही. पुस्तक उघडून स्वतः शिकायची सवय होती, त्यामुळे शिकवलं नाही म्हणून तिचं कधी अडलं नाही. जड गेलं ते वेगळंच. दोन मार्कांच्या प्रश्नाला ती दोन पानं लिहायची, आणि पहिल्या सत्रात त्याचा चांगलाच फटका बसला. घड्याळाप्रमाणे तास बदलतात, आवडीचा विषय अर्ध्यावर सोडून उठावं लागतं, याचा तिला खरोखर त्रास झाला. मैत्रिणी जमल्या, पण ग्रुपने सबमिशन करणं शिकायला वर्ष गेलं.

सगळ्यात कच्ची बाजू प्रॅक्टिकलची होती. बारावीच्या प्रॅक्टिकलसाठी केंद्रावर फार थोडे दिवस मिळाले. ते पुरणार नाहीत हे मला वेळीच कळलं, म्हणून ओळखीच्या एका निवृत्त रसायनशास्त्राच्या बाईंकडे ती सुट्टीत दीड महिना गेली. ब्युरेट कसं भरायचं, रीडिंग डोळ्यांच्या रेषेत कसं घ्यायचं, चुकलं तर जर्नलमध्ये ते तसंच कसं लिहायचं, हे त्यांनी शिकवलं. पैसे घ्यायला त्यांनी साफ नकार दिला. मुलाला सायन्सला जायचं असेल तर अशी एखादी व्यक्ती आत्तापासून शोधा.

आणि याच आठवड्यात जन्मदाखला आणि आधारवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतं का ते पाहून घ्या. गुणपत्रिकेवर छापून आल्यावर ते बदलून घेताना फार फेऱ्या होतात.