क्रोशे दिला की क्रोशेला दिलं?

शिकागोत मुलीकडे राहून आलेल्या एका वाचकांनी विचारलं आहे: त्यांचे जावई व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघाचे चाहते. 2024 च्या शरद ऋतूत घरी रोज एकच वाद, संघ ‘रीबिल्ड’ करतोय तर गॅरेट क्रोशे या गोलंदाजाला ‘ट्रेड’ करावं की नाही. वाचकांनी गावाकडच्या मित्राला हे पत्रात कळवताना ‘खेळाडूचा व्यापार’ आणि ‘संघाची पुनर्बांधणी’ असं लिहिलं. मित्राला पहिला शब्द फार खटकला. मग दुसरं काय लिहावं?

मित्राचं बरोबर आहे. मराठीत धान्याचा, कापडाचा, सोन्याचा व्यापार होतो. ‘माणसांचा व्यापार’ म्हटलं की पळवून नेऊन विकलेली माणसं डोळ्यांसमोर येतात. इथे तर बहुधा पैशाचा व्यवहारही नसतो. एक संघ आपला खेळाडू देतो आणि दुसऱ्याचे घेतो. हा व्यापार नव्हे, अदलाबदल. ‘विनिमय’ही चालेल, पण तो शब्द अर्थशास्त्राच्या पुस्तकातून येतो आणि तिथेच बरा दिसतो.

विक्री आणि अदलाबदल हा भेद बेसबॉलमध्ये फार जुना आहे. 1919 च्या डिसेंबरात बॉस्टन रेड सॉक्सने बेब रूथला न्यूयॉर्क यँकीजकडे दिलं, तेव्हा बदल्यात एकही खेळाडू घेतला नाही, 1 लाख डॉलर घेतले. ती सरळ विक्री. आपल्याकडे नोव्हेंबर 2023 मध्ये हार्दिक पंड्या गुजरातकडून मुंबईकडे आला, तोही केवळ पैशाच्या मोबदल्यात. आयपीएलमध्ये त्याला ‘ट्रेड’च म्हणतात, पण मराठीत त्याला अदलाबदल म्हणता येणार नाही, कारण मुंबईकडून गुजरातकडे कुणी गेलंच नाही. म्हणजे इंग्रजीत एक शब्द दोन्हीकडे खपतो, आपल्याला बघावं लागतं की उलट दिशेने काय आलं.

‘बदली’ जवळचा वाटतो. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांत ‘आपसी बदली’ असते, तू माझ्या शाळेत, मी तुझ्या. पण तिथे दोघं शिक्षक आपणहून अर्ज करतात. बेसबॉलच्या खेळाडूला बहुतेक वेळा कुणी विचारत नाही. शिवाय क्रिकेटने ‘बदली खेळाडू’ हा शब्द आधीच दुसऱ्या अर्थाने अडवून ठेवला आहे.

रचनेच्या दृष्टीने सगळ्यात चपखल शब्द खरं तर ‘साटंलोटं’. दोन घरांनी एकमेकांची मुलगी एकमेकांच्या मुलाला द्यायची, तो मूळ अर्थ. देणं आणि घेणं एकाच व्यवहारात, आणि जिला दिली तिचं मत क्वचितच विचारलेलं. पण आज साटंलोटं म्हटलं की नेता आणि कंत्राटदार आठवतात. शब्द हातचा गेला, याचं मला वाईट वाटतं.

मात्र मला या प्रश्नात नामापेक्षा क्रियापद जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि क्रियापदापेक्षाही त्याच्या आधीचा ‘ला’. आपण ‘गाय विकली’, ‘बैल घेतला’ म्हणतो, ‘बैलाला घेतलं’ सहसा म्हणत नाही. माणसाचं नाव आलं की मात्र ‘ला’ लागतो: ‘रमेशला पाहिलं’, ‘सुमनला बोलावलं’. माणूस असूनही ‘ला’ गळतो तो विशिष्ट जागी: नोकर ठेवला, सून आणली, मुलगी दिली. तिथे माणसापेक्षा त्याची भूमिका पुढे असते. आता लिलावाच्या दिवसातलं आपलं बोलणं आठवा. ‘त्यांनी कोण घेतला?’, ‘बुमरा ठेवला ना?’ ज्या नावापुढे एरवी ‘ला’ चुकत नाही, तिथे तो बोली लागताच गळून पडतो. ‘क्रोशे दिला’ आणि ‘क्रोशेला दिलं’ यांत हाच फरक आहे. पहिल्यात तो दावणीचा बैल होतो, दुसऱ्यात माणूस राहतो.

हे मी ओढूनताणून म्हणत नाही. बेसबॉलमध्ये नेमक्या याच मुद्द्यावर न्यायालयीन लढाई झाली. कर्ट फ्लड सेंट लुइस कार्डिनल्सकडे 12 वर्षं खेळला. ऑक्टोबर 1969 मध्ये त्याला फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. तो गेला नाही. त्या वर्षीच्या 24 डिसेंबरला त्याने बेसबॉलच्या आयुक्तांना पत्र लिहून कळवलं की माझ्या इच्छेचा विचार न करता खरेदी-विक्री करावी अशी मालमत्ता मी नाही. 1972 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात तो 5 विरुद्ध 3 मतांनी हरला. पण पुढच्याच वर्षी खेळाडू संघटना आणि संघमालक यांच्यातल्या करारात नियम आला: 10 वर्षं ‘मेजर लीग’ या सर्वोच्च स्पर्धेत आणि त्यातली शेवटची 5 एकाच संघात काढलेल्या खेळाडूला अशी अदलाबदल नाकारता येते. फ्लडबद्दल मराठीत लिहिताना ‘फ्लड दिला’ असं माझ्याच्याने लिहवणार नाही.

एक व्यावहारिक अडचण आहेच. ‘क्रोशेला दिलं’ म्हणजे क्रोशेला काही तरी दिलं, असंही वाटतं. तो शेवटी बॉस्टनकडे गेला; त्यात ‘बॉस्टनला’ घातलं की दोन ‘ला’ एकमेकांवर आदळतात. म्हणून मी ‘-कडे’ वापरतो आणि क्रियापद बदलतो: ‘क्रोशेला बॉस्टनकडे पाठवलं आणि मोबदल्यात चार जण घेतले.’ वाक्य स्वच्छ होतं, व्यवहारही लपत नाही. (1962 मध्ये हॅरी चिटी नावाचा झेलरक्षक ‘नाव नंतर ठरेल’ अशा एका खेळाडूच्या मोबदल्यात क्लीव्हलंडकडून न्यूयॉर्क मेट्सकडे गेला. दोन महिन्यांत मेट्सने नाव ठरवलं, ते चिटीचंच. स्वतःच्याच मोबदल्यात परत गेलेला माणूस! ‘मोबदला’ हा शब्द इतका नेमका बसलेला मी दुसरीकडे पाहिला नाही.)

आता ‘पुनर्बांधणी’. चुकीचा नाही, क्रिकेटच्या बातम्यांत रुळलेला आहे. पण पूर, भूकंप यांनी पडलेलं आपण पुन्हा बांधतो. इथे संघ स्वतःच उभी इमारत पाडतो. चांगले खेळाडू मोडून कोवळे जमवतो, दोन-चार वर्षं हरत राहतो, आणि पुढे कधी तरी जिंकू म्हणतो. याला मुंबई-पुण्यातला नेमका शब्द आहे ‘पुनर्विकास’: राहती इमारत रिकामी करायची, संक्रमण शिबिरात दिवस काढायचे, नवी किल्ली कधी मिळेल ते विकासकावर सोडायचं. आणि ‘मोडणं’ हे क्रियापद मी मुद्दाम वापरलं. आपण दागिना मोडतो, ठेव मोडतो, ती पुढच्या कशासाठी तरी. ‘संघ मोडायला काढला’ यात तोटा आणि आशा दोन्ही येतात.

जावयांचा वाद इतका तीव्र का होता, तेही यातून कळतं. व्हाइट सॉक्सने हे एकदा करून पाहिलं होतं. डिसेंबर 2016 मध्ये त्यांनी ख्रिस सेल या अव्वल गोलंदाजाला बॉस्टनकडे पाठवलं आणि योआन मोंकाडा, मायकल कोपेक यांच्यासह चार होतकरू घेतले. 2018 मध्ये बॉस्टन जगज्जेता झाला, शेवटचा फलंदाज सेलनेच बाद केला. व्हाइट सॉक्सने 2021 मध्ये आपला गट जिंकला, पण बाद फेरीच्या पहिल्याच मालिकेत गारद झाले. 2024 मध्ये तर 121 सामने हरले, आधुनिक बेसबॉलमधला विक्रम. एकदा पुनर्विकास फसलेल्या सोसायटीला दुसऱ्यांदा सही करा म्हणण्यासारखंच हे. दुसऱ्या बाजूचं म्हणणंही खोटं नव्हतं: क्रोशे तेव्हाच्या हिशेबाने 2026 नंतर हव्या त्या संघाकडे जायला मोकळा होणार होता, हरणाऱ्या संघात त्याची उमेदीची वर्षं वाया घालवून हाती काय येणार? डिसेंबर 2024 मध्ये तोही बॉस्टनकडेच गेला, आणि काइल टील, ब्रेडन माँटगोमेरी धरून पुन्हा चार होतकरू आले.

‘होतकरू’ हा शब्द मी अगदी निःशंक सुचवतो. ‘उदयोन्मुख’पेक्षा तो घरगुती आहे आणि त्यात होईलच अशी हमी नाही. अशा मुलांना खालच्या संघांत वाढवण्याच्या व्यवस्थेला तिकडे ‘फार्म’ म्हणतात. ‘शेत’ म्हणू नका, ‘रोपवाटिका’ म्हणा. तिथे पीक निघत नाही, रोपं तयार होतात, आणि बरीचशी दुसऱ्याच्या वावरात लागतात.

तेव्हा जावयांचा प्रश्न मित्राला असा कळवता येईल: ‘संघ मोडायला काढलाच आहे, तर क्रोशेला पाठवून चार होतकरू घ्यावेत, की त्याच्याच भोवती संघ बांधावा?’ लिहून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की ‘क्रोशेला’ लिहिलं, पण ‘होतकरूंना’ लिहिलं नाही. तिथला ‘ला’ मी गाळला नव्हता, तो आलाच नाही. त्यांची नावं तेव्हा कुठे ठरली होती.