‘बरी आहे, जेवण चांगलं आहे, ठेवते’

नवोदय या सरकारी निवासी शाळांच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेचा निकाल लागला की समुपदेशक म्हणून माझ्याकडे येणाऱ्या फोनचा सूर बदलतो. एरवी दहावी-बारावीचं टेन्शन, मोबाइल, अभ्यासात लक्ष नाही, हेच चालू असतं. मग एकदम पाचवीतल्या मुलांच्या आया सुरू होतात. त्यातल्या एका आईचा निरोप थोडक्यात असा: “मुलाचा नवोदयला नंबर लागला. सासऱ्यांनी गावभर पेढे वाटले. मला मात्र रात्री झोप नाही. अजून त्याला अंघोळीचं पाणी काढून द्यावं लागतं. एवढ्या लहान वयात लांब ठेवलं की पोर मनानं तुटतं, पुढे आईबापाचं राहत नाही, असं सगळे म्हणतात. पाठवू का नको?”

हो किंवा नको असं मी फोनवर सांगत नाही. त्याऐवजी माझ्याकडे आलेल्या, नवोदयच्या एका माजी विद्यार्थिनीची गोष्ट सांगते. तिची परवानगी आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती आली तेव्हा तिशीच्या अलीकडची. इंजिनियर, पुण्यात नोकरी, लग्न होऊन थोडीच वर्षं झालेली. शाळेचा विषय घेऊन ती आलीच नव्हती. तिला डेंगी झाला होता, नवरा कामासाठी बाहेरगावी होता, आणि ही ऑफिसमधून एकटी रिक्षा करून हॉस्पिटलात भरती झाली. रोज रात्री दोघांचं फोनवर बोलणं होत होतं. रोज ‘सगळं ठीक’. त्याला कळलं ते तो परत आल्यावर, विम्याच्या कागदांवरून. तो एवढंच म्हणाला, “मी हिचा कोण आहे, ते मला सांगा.” आणि ती मनापासून गोंधळलेली. “त्याला कशाला त्रास द्यायचा? केलं ना मी मॅनेज?”

लहानपणी आजारी पडल्यावर कोण जवळ असायचं, हे मी सगळ्यांना विचारते. तिनं क्षणभर विचार केला आणि म्हणाली, “सिक रूम.” मग हसली. तिथून नवोदय निघालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून ही निवासी विद्यालयं देशभर उभी राहिली. पहिली दोन त्याच सुमाराला, १९८५-८६ मध्ये निघाली: एक हरियाणात झज्जरला आणि दुसरं आपल्या अमरावतीला. आज तमिळनाडू सोडलं तर जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यात एक आहे. सहावीत साधारण ८० मुलं घेतात, त्यातल्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागासाठी, एक तृतीयांश मुलींसाठी. सहावीच्या प्रवेश परीक्षेला आयुष्यात एकदाच बसता येतं. म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळेतले कितीतरी गुरुजी सकाळी शाळेआधी आणि संध्याकाळी शाळेनंतर, एक पैसा न घेता मुलांकडून तयारी करून घेतात. मुलाचा नंबर लागला की तो गुरुजींचा नंबर असतो, शाळेचा असतो, गावाचाही असतो.

हिच्या वेळी तेच झालं. मराठवाड्यातलं लहान गाव, गावातून नवोदयला गेलेली ही पहिली मुलगी. पंधरा ऑगस्टला ग्रामपंचायतीपुढे सत्कार, वडिलांना टोपी-उपरणं, गुरुजींचे डोळे भरलेले. आणि काही दिवसांतच हिरवी पत्र्याची पेटी, कुलपाची किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात, आईनं दिलेला चिवडा आणि शेंगदाण्याचे लाडू पहिल्याच रात्री डॉर्मिटरीत वाटून संपलेले.

शाळेबद्दल ती भरभरून बोलायची. अंधारात होणारी शिट्टी, पीटी, बादली घेऊन नळापुढची रांग, मेसमध्ये स्वतःचं ताट स्वतः घासणं, संध्याकाळची हजेरी, रात्रीचा सुपरवाइज्ड स्टडी. अरावली, नीलगिरी, शिवालिक, उदयगिरी या चार हाउसमधली चुरस. “नीलगिरी” म्हणताना अजून तिची मान जरा ताठ व्हायची. माझ्या चेहऱ्यावर काही दिसलं असावं, कारण तिनं मला बजावलं, “मॅडम, शाळेला काही बोलायचं नाही हं. मी आज जी आहे ती नवोदयमुळे.” मला शाळेला काही बोलायचंही नव्हतं. तिच्या मैत्रिणी आजही एका हाकेला धावतात. तशी मैत्री आपल्यापैकी किती जणांच्या वाट्याला येते?

मग घरच्या भेटी कशा व्हायच्या, ते विचारलं. तिथे तिचा वेग मंदावला.

महिन्यातून एका रविवारी आईवडील यायचे. एसटी बदलून, मजुरी बुडवून. लिंबाखाली बसून डबा सोडायचे: भाकरी, पिठलं, ठेचा. वडील पहिला प्रश्न मार्कांचा विचारायचे आणि दुसरा ‘कसं आहे?’ ती म्हणायची, “बरं आहे.” होस्टेलमध्ये रुपया टाकायचा फोन होता, मागे मुलींची रांग, पुढच्या मिनिटाचा रुपया नसायचा. तिथेही ठरलेलं: “बरी आहे, जेवण चांगलं आहे, ठेवते.” पहिले कितीतरी महिने ती रात्री पांघरुणात रडत होती, हे घरी कुणालाच माहीत नव्हतं. मी विचारलं, का नाही सांगितलंस? तर म्हणाली, “कसं सांगणार? नशीब निघालं होतं ना माझं.”

ब्रिटनमध्ये जॉय शाव्हेरियन या मनोविश्लेषक बाईंनी २०११ मध्ये ‘बोर्डिंग स्कूल सिंड्रोम’ अशी संज्ञा मांडली. सातव्या-आठव्या वर्षी बोर्डिंगला पाठवलेली तिथली मुलं मोठेपणी जवळच्या माणसांपासूनही आतलं लपवतात, असं त्यांचं निरीक्षण. आमच्या क्षेत्रात हे फार उद्धृत होतं, आणि मला ते इथे जसंच्या तसं लावणं पटत नाही. तिथली मुलं बहुतेक सधन घरची, आणि ‘आपल्याला घरातून काढलं’ ही त्यांची जखम. आपल्याकडचं नवोदयचं पोर परीक्षा देऊन, स्वतः जिंकून गेलेलं असतं. त्याला कुणी काढलेलं नसतं, उलट खांद्यावर घेऊन मिरवलेलं असतं. त्याची अडचण वेगळी आहे. ज्याला एवढं मोठं बक्षीस मिळालं, त्यानं तक्रार कोणत्या तोंडानं करायची?

याचा पुरावा तिच्याच हकिगतीत सापडला. नवोदयमध्ये नववीला मायग्रेशन असतं. हिंदी आणि अहिंदी भागांतल्या शाळा आपली साधारण ३० टक्के मुलं वर्षभरासाठी एकमेकांकडे पाठवतात. हिला उत्तर प्रदेशात पाठवलं. घर हजारेक किलोमीटरवर. कडाक्याची थंडी, भाकरी नाही, ज्वारी बघायलाही नाही, चोवीस तास हिंदी, आणि महिन्याची भेटही बंद. घरापासून लांब राहून मूल तुटतं हे खरं असतं, तर त्या वर्षी तिनं सर्वांत जास्त कोमेजायला हवं होतं. पण ती म्हणाली, “सगळ्यात भारी वर्ष ते!”

असं का, यावर आम्ही बराच वेळ बोललो. तिकडे गेलेली सगळीच मुलं घराच्या आठवणीनं व्याकूळ होती आणि ते उघड होतं. सोबत गेलेले सर रात्री त्यांना घेऊन बसायचे, कुणी रडलं तर रडू द्यायचे. आणि गावात? “बाप रे, एवढ्या लांब पोरगी!” म्हणून आई फोनवर आल्या आल्या विचारायची, “थंडी सोसते का गं? करमतं का?” त्या वर्षी त्रास होणं सगळ्यांना मान्य होतं. मग तिनंही तो सांगितला, आणि सांगितल्यामुळे तो सोसला गेला. सहावीत मात्र ती घरापासून चाळीस किलोमीटरवर होती आणि त्रास होणं कुणालाच मान्य नव्हतं, तिला स्वतःलासुद्धा.

महाराष्ट्राला बोर्डिंग नवं नाही. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एकत्र ठेवून वसतिगृह काढलं. पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, हे आपण शाळेत शिकतो. ती मुलं त्यांना वहिनी म्हणायची. मला त्यातली दागिन्यांपेक्षा ही वहिनी महत्त्वाची वाटते. ताटावर बसलेल्या मुलाकडे बघून ‘आज का रे जेवत नाहीस?’ म्हणणारं एक माणूस. नवोदयमध्ये ते काम हाउस मास्टर आणि मेट्रन करतात, चांगलं करतात. पण शेकडो मुलांत गप्प राहणारं, वेळेवर उठणारं, पहिल्या पाचांत येणारं पोर कुणाच्याच नजरेत येत नाही. ही नेमकी तशी होती.

तिच्याबरोबरचं माझं काम फार मोठं नव्हतं. एकच गृहपाठ दिला: दिवसातली एक अडचण नवऱ्याला ती सुटायच्या आधी सांगायची. सुटल्यावर सांगितलेली धरायची नाही. पहिल्या वेळी तिनं आणलेली अडचण होती स्कूटरचं पंक्चर, तेही काढून झाल्यावरचं. आम्ही दोघी हसलो. पुढे जमायला लागलं. मग एकदा ती गावी जाऊन आईशी बोलली. भीत भीतच विचारलं, तू मला कधी नीट विचारलं का नाहीस? आई म्हणाली, “तू रडली असतीस तर मी तुला त्याच एसटीनं परत आणलं असतं. म्हणून विचारलंच नाही.”

आता या आईला, म्हणजे जिनं मला निरोप पाठवला तिला. तुमचं पोर लांब गेल्यामुळे परकं होईल, ही भीती मी बाजूला ठेवते. तुम्हालाही त्याला विचारायची भीती वाटणार आहे, त्याची तयारी आधी करा.

घरची आठवण येणं हा आजार नाही. बहुतेक सगळ्या मुलांना येते. सुरुवातीच्या दिवसांत, दिवेलागणीला, तुम्ही भेटून गेल्यावर आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर जास्त. बहुतेकांची ती हळूहळू ओसरते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २००७ मध्ये यावर मार्गदर्शन केलं होतं. निर्णयात मुलाला सामील करा आणि आधी घराबाहेर राहायचा सराव द्या, असं त्यात आहे. म्हणजे जूनपर्यंत त्याला मावशीकडे, आत्याकडे तुमच्याशिवाय चार-चार रात्री राहू द्या. पाणी स्वतः काढू दे, चड्डी-बनियन स्वतः धुऊ दे, कुलूप लावून किल्ली सांभाळू दे. आणखी एक गोष्ट त्यात आहे: ‘नाही आवडलं तर लगेच घेऊन येऊ’ असं वचन देऊ नका, कारण मग मूल रुजायच्या आधीच दिवस मोजू लागतं. हे मला मान्य आहे, पण तो सल्ला मुख्यतः थोड्या दिवसांच्या शिबिरांकडे बघून दिलेला आहे आणि इथे प्रश्न सात वर्षांचा आहे. ‘आता माघार नाही, गावात नाक कापशील’ हेही तितकंच घातक. मी मधलं सुचवते. त्याला सांगा, दिवाळीच्या सुट्टीत आपण तिघं बसू, आजोबा नाहीत, गुरुजी नाहीत, आणि तू जे सांगशील ते ऐकून पुढचं ठरवू. आणि खरंच बसा.

भेटीच्या रविवारी ‘कसं आहे?’ विचारू नका, त्याचं उत्तर ‘बरं’ हेच असतं. या महिन्यातला सगळ्यात वाईट दिवस कोणता, असं विचारा. रात्री शेजारच्या कॉटवर कोण झोपतं? पोट दुखलं तर आधी कुणाला सांगतोस? मार्क डबा संपल्यावर. तो रडला तर तुम्हीही रडलात तरी चालेल, फक्त त्याला तुमचे डोळे पुसायला लावू नका.

काही गोष्टी मात्र ‘होईल सवय’ म्हणून सोडायच्या नाहीत. वजन उतरलं, सुटलेली सवय परत येऊन अंथरूण ओलं होऊ लागलं, अंगावर कारण न सांगता येणारे वळ दिसले, एकाही मित्राचं नाव घेता येईना, मोठ्या मुलांचा किंवा कुठल्याही माणसाचा विषय निघताच गप्प झाला, किंवा ‘मी नसतो तर बरं’ अशा अर्थाचं काही बोलला, तर पुढच्या रविवारची वाट बघू नका. त्याच दिवशी जाऊन प्राचार्यांना भेटा. मुलांसाठी १०९८ आणि मानसिक आधारासाठी टेली-मानसचा १४४१६ हे दोन्ही फोन फुकट आहेत, ते त्यालाही पाठ करून द्या.

आणि पाठवलंच नाहीत, तरी ते चूक नाही. गावच्या शाळेत शिकूनही मुलं पुढे जातात. फक्त ‘तुझ्या आईमुळे संधी गेली’ हे वाक्य पुढे घरात कुणी उच्चारणार नाही, एवढं सासऱ्यांकडून आत्ताच कबूल करून घ्या.

पाठवलंत तर पहिल्या सुट्टीत घरी आल्यावर तो थोडा वेगळा वाटेल. जेवल्यावर ताट उचलून धुईल, मध्येच हिंदी बोलेल, एका कोपऱ्यात बसून राहील, शाळेतल्या मित्रांची आठवण काढेल. याला परका झाला म्हणू नका. पुन्हा घरात रुळायला त्याला एक-दोन दिवस लागतात. तेवढ्यात त्याला सत्काराला नेऊ नका, पाव्हण्यांपुढे इंग्रजी बोलायला लावू नका. आजोबांना म्हणावं, पेढे तिसऱ्या दिवशी.