कार्बेन्डाझिमची दोनदा आळवणी केली, तरी डिंक्या का थांबला नाही?

भाऊ, आठ वर्षांच्या संत्र्याला बुंध्याशी डिंक सुटलाय (हाच डिंक्या), कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक दोनदा ओतून झालं, आणि डिंक्या ज्याच्यामुळे होतो तो फायटोफ्थोरा 'खरी बुरशी नाही' असं पोराच्या पुस्तकात लिहिलंय. मग आपण त्याला बुरशी का म्हणतो, हा तुमचा प्रश्न.

पुस्तक बरोबर आहे, आणि तुमची आळवणी वाया गेली ती त्याच कारणानं. खऱ्या बुरशीच्या पेशीची भिंत कायटिनची असते. फायटोफ्थोराच्या भिंतीत सेल्युलोज असतं. त्याचं गोत्र तपकिरी शेवाळाशी जुळतं. डी बारी या जर्मन शास्त्रज्ञानं १८७६ मध्ये त्याला नाव दिलं, पण तंतू बुरशीसारखे दिसतात म्हणून पुढे कित्येक वर्षं ते बुरशीतच मोजलं गेलं. आता ऊमायसीट हा गट वेगळा धरतात. कार्बेन्डाझिम त्याच्यावर चालतच नाही. मीही दोन हंगाम हेच ओतलं आणि बांधाकडची अख्खी ओळ गमावली, म्हणून इतकं कळकळीनं सांगतो.

त्याच्या बीजाणूंना दोन शेपट्या असतात, ते पाण्यात पोहतात. आपल्या काळ्या मातीत पाणी साचतं, आणि एका आळ्यातलं पाणी दुसऱ्यात सोडलं की रोगही सोबत जातो. म्हणून दुहेरी आळं करा (बुंध्याजवळचं आतलं आळं कोरडं, पाणी बाहेरच्यात), बुंध्याला पाणी लागू देऊ नका. डिंकाची साल धारदार चाकूनं खरवडा, वर बोर्डोमलम लावा: मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १० लिटर. मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवा, लोखंडी भांडं नको. आळवणीला मेटॅलॅक्झिल-मॅन्कोझेब किंवा फोसेटिल घ्या, प्रमाण पाकिटावरचंच.

शेंडेमर (फांद्या शेंड्याकडून वाळणं) मात्र कोलेटोट्रायकमची, ती खरी बुरशी. तिथे कार्बेन्डाझिमचा उपयोग होतो. बुंध्याला लाकडासारखी टणक छत्री फुटली तर ते गॅनोडर्मा, तीही खरी बुरशी. ते लाकूडच खातं, त्या झाडाचा मोह सोडा आणि मुळासकट काढा. कोळशी (पानांवरचा काळा थर) तर माशीच्या चिकट स्रावावर वाढते, तिथे आधी काळी माशी आवरायची.

उद्या वावरात गेलात की चार झाडांची माती बाजूला करून पाहा. कलमाचा डोळा (कलम जोडलेली जागा) मातीखाली दबला असेल तर औषधाआधी तो उघडा करा. काय दिसलं ते इथेच लिहा, फोटोही टाका.